सोंगटी आणि पात्र

हुबळी-धारवाडच्या जुळ्या नगरांत मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना दोन भाषांची व्याकरणे एकाच जिभेवर नांदवावी लागतात. मराठीत बैल आला, गाय आली, वासरू आले. दाराशी थांबलेली मोटारही 'आली' आणि तिच्यामागून ट्रक 'आला'. सजीव असो वा निर्जीव, मराठी भाषा प्रत्येकाला लिंग देते आणि त्याप्रमाणे क्रियापद चालविते. कन्नड भाषेचा न्याय निराळा आहे. पुरुष आला तर 'बंदनु', स्त्री आली तर 'बंदळु'; परंतु बैल, गाय, कुत्रे, पाऊस, मोटार यांपैकी काहीही आले तरी त्या सर्वांना मिळून एकच क्रियापद, 'बंतु'. मराठी व्याकरण सर्वांना एका पंगतीस बसविते. कन्नड व्याकरण उंबरठ्यावरच विचारते, आलेले हे माणूस आहे की नाही?

या न्यायात एक मोठी खुबी आहे. कन्नड बालकथेतील कोल्हा बोलतो, युक्त्या लढवितो, सिंहालाही फसवितो. तरी सांगणारा 'नरि हेळितु' असेच म्हणतो. कोल्हा बोलू लागला एवढ्यावरून त्याला माणसाचे क्रियापद मिळत नाही. उलट हनुमंत आला तर 'बंदनु' असेच म्हणावयाचे. शेपूट असल्यामुळे त्याच्या मानास काही उणे येत नाही. वाचेने माणूसपण आले नाही आणि शेपटाने ते गेलेही नाही. मग माणसासारखे म्हणावे तरी कोणाला?

हा प्रश्न आज पुन्हा उपस्थित झाला आहे तो व्याकरणाच्या वर्गात नव्हे, तर मुलांच्या हातांतील पडद्यावर. व्हिडिओ गेम नावाच्या खेळांत पायांत बूट घातलेले पशू धावतात, दुकाने चालवितात, मैत्री करतात आणि सूड घेतात. त्यांतील कोणत्या पात्राला मानवीकृत म्हणावे आणि कोणाला नुसते जनावर किंवा नुसते बाहुले म्हणावे, याविषयी खेळणाऱ्यांत मोठ्या हिरिरीने वाद होतात. वडील माणसांना हा वाद पोरखेळ वाटेल. तथापि या खेळांत मूल नकळत एक धडा गिरवीत असते. समोर हलणाऱ्या आकृतीला 'कोणी' म्हणून मोजावयाचे की 'काही' म्हणून, हाच तो धडा. म्हणून या प्रश्नाचा थोडा सावकाशीने विचार करणे अगत्याचे आहे.

शाळेच्या मराठी व्याकरणात चेतनगुणोक्ती नावाचा अलंकार शिकवितात. अचेतन वस्तू सचेतन आहे, ती मनुष्याप्रमाणे वागते, असे जेथे वर्णन असते तेथे हा अलंकार होतो. वारा गुणगुणतो, डोंगर ध्यानस्थ बसतो, ही त्याची नेहमीची उदाहरणे. परंतु येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक रूपांतर म्हणजे मानवीकरण नव्हे. धारवाडचे कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म १८९६ साली मराठी बोलणाऱ्या घरात झाला आणि त्यांची कीर्ती झाली ती कन्नड कवितेने. त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेत काळ हा उडणारा पक्षी झाला आहे. तेथे काळाला जीव लाभला, पंख लाभले. पण तो माणूस झाला नाही आणि पक्षीही माणूस झाला नाही. निर्जीवाला सजीव करणे आणि सजीवाला माणूस करणे या दोन पायऱ्या आहेत, आणि व्हिडिओ गेममधील पात्रांविषयीचा बराचसा घोटाळा या दोन्ही एकच मानल्यामुळे होतो.

लोकांना सर्वांत आधी सुचणारी कसोटी रूपाची आहे. दोन पायांवर उभा राहतो, कपडे घालतो, हातमोजे वापरतो, तो मानवीकृत. १९९१ साली जपानच्या सेगा कंपनीने सॉनिक नावाचे पात्र पुढे आणले. तो हेजहॉग आहे, म्हणजे अंगावर काटे असलेला, साळिंदराहून पुष्कळच लहान असा प्राणी. पण याचा रंग निळा, पायांत लाल बूट, हातांत पांढरे मोजे, आणि उभे राहण्याची ऐट एखाद्या उनाड मुलासारखी. १९९६ साली अमेरिकेत तयार झालेला क्रॅश बँडिकूट हाही त्याच थाटाचा. त्याच्या नावाचा इतिहास दक्षिणेतील श्रोत्यांना गंमतीचा वाटेल. 'बँडिकूट' हा शब्द इंग्रजीत गेला तो तेलुगूतील 'पंदिकोक्कु' या शब्दावरून. मराठीत जिला घूस म्हणतात आणि कन्नडात हेग्गण, तीच ही. पुढे ऑस्ट्रेलियातील एका वेगळ्याच प्राण्याला हे नाव चिकटले आणि तेथून ते खेळातल्या पात्राला मिळाले. धान्याच्या कोठारात जिच्यामागे काठी घेऊन धावावयाचे, तिच्याच नावाच्या पात्रावर पडद्यावर मुले जीव टाकतात. विजार आणि बूट यांचा एवढा प्रताप आहे खरा.

तरीही रूपाची कसोटी फार दूर नेत नाही. १९४४ साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक लहानसा चित्रपट तयार केला. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ एवढेच हलत होते. शिवाय उघडझाप करणारा दरवाजा असलेली एक चौकट. काय दिसले ते लिहा, असे सांगितले, तेव्हा पहिल्या गटातील ३४ विद्यार्थिनींपैकी फक्त एकीने भूमितीच्या भाषेत उत्तर लिहिले. बाकीच्यांनी भांडण पाहिले, दांडगाई पाहिली, भित्रेपणा आणि सुटका पाहिली. त्रिकोणाला तोंड नव्हते, डोळे नव्हते, वस्त्र तर नव्हतेच. २०१२ साली 'थॉमस वॉज अलोन' नावाचा जो खेळ निघाला त्यात तर पात्रे म्हणजे नुसते रंगीत आयत आहेत. निवेदक त्यांची नावे सांगतो, कोणाला एकटेपणा वाटतो, कोणाला आपल्या उंच उडीचा गर्व आहे, हे सांगतो. आणि थोड्याच वेळात खेळणाऱ्याला त्या आयतांविषयी जिव्हाळा वाटू लागतो. उलटपक्षी, युद्धाच्या खेळांत हुबेहूब माणसाच्या आकृतीचे शेकडो सैनिक केवळ कोसळण्यासाठी पुढे येतात. त्यांना नाव नसते, घर नसते, भीतीही नसते. आयताला माणूसपण मिळते आणि माणसाच्या आकृतीला ते मिळत नाही. मग रूपाच्या भरवशावर निवाडा कसा करावा?

दुसरी कसोटी वाचेची. बोलतो तो माणसासारखा. ही कसोटी कन्नडातील कोल्ह्यानेच डळमळीत केली आहे. मराठी मुलांना परिचित असलेली भोपळ्यातून लेकीच्या घरी जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट घ्यावी. तिच्यातला वाघ बोलतो, म्हातारीचे म्हणणे ऐकून थांबतो, लोभाने वाट पाहत राहतो. भोपळा मात्र उड्या मारीत चालतो, वाघापुढूनही निसटतो, तरी तो पात्र नाही. ते वाहन आहे. आत बसलेल्या म्हातारीची इच्छा हीच त्याची गती. खेळातील धावत्या मोटारी याच भोपळ्याच्या जातीच्या होत.

वाचेवाचूनही पात्र उभे राहते, याची दोन अलीकडची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील एका लहानशा मंडळीने तयार केलेल्या एका खेळात खेळणाऱ्याला हंसाच्या कुळातला एक बदकासारखा पक्षी व्हावे लागते. तो बोलत नाही, कपडे घालीत नाही. फक्त पंख पसरतो, मान लांबवितो आणि ओरडतो. परंतु माळ्याच्या किल्ल्या पळवावयाच्या, लोकांची फजिती करावयाची, अशा कामांची यादी घेऊन तो गावात शिरतो. पक्षी अन्न चोरतो ती भूक. यादी करून चोरतो ती खोडी, आणि खोडी काढणे हा तर खास मनुष्यधर्म आहे. देह पक्ष्याचा आणि हेतू व्रात्य पोराचा, असे हे सीमेवरचे पात्र. २०२२ साली फ्रान्समध्ये तयार झालेल्या 'स्ट्रे' नावाच्या खेळातील मांजर याच्या उलट आहे. ते चार पायांनी चालते, दारे ओरबाडते, उशीवर गोल होऊन झोपते. ज्या नगरात ते हरवले आहे तेथील यंत्रमानव मात्र अंगरखे घालतात, गाणी वाजवितात, गेलेल्यांच्या आठवणी काढतात. तेथे मांजर हे मांजरच आहे. मानवीकरण झाले आहे ते यंत्रांचे.

येथे श्रोत्यांच्या मनात एक शंका येईल. या मांजराला चालविणारे बोट तर खेळणाऱ्याचे. मग त्याची स्वतःची इच्छा कोणती? ही शंका अत्यंत योग्य आहे, कारण गोष्ट आणि खेळ यांतील खरा भेद येथेच आहे. गोष्टीतील प्राण्याला इच्छा देतो तो लेखक. खेळातील पात्राला आपली इच्छा उसनी देतो तो खेळणारा. मुलांच्या तोंडची भाषाच याची साक्ष देते. सारीपाटात घर चुकले की मूल म्हणते, "माझी सोंगटी मेली." बुद्धिबळात म्हणते, "माझा घोडा मेला." पडद्यावरच्या खेळात पात्र खड्ड्यात पडले की तेच मूल कळवळून म्हणते, "मी मेलो!" बुद्धिबळाच्या पटावर हत्ती, उंट, घोडा असे सगळे पशू आहेत, पण कोणीही त्यांना पात्र म्हणत नाही, कारण त्यांच्यात कोणी शिरत नाही. षष्ठीची प्रथमा झाली, 'माझा' जाऊन 'मी' आला, की सोंगटी संपली आणि दुसरेच काही सुरू झाले.

परंतु एवढ्यावरून ते पात्र मानवीकृत झाले असे म्हणता येईल काय? तसे म्हटले तर खेळणाऱ्याच्या हातातील चेंडूही माणूस ठरेल. उसनी इच्छा पुरेशी नाही. पात्राच्या ठायी स्वतःचे काही असले पाहिजे. १९८० साली जपानच्या नाम्को कंपनीत तोरू इवातानी यांनी 'पॅकमॅन' हा खेळ तयार केला. त्यात चक्रव्यूहासारख्या वाटांतून चार रंगांची चार भुते पाठलाग करतात. त्यांच्या जपानी नावांचा भाव असा की एक पाठलाग करणारा, एक दबा धरणारा, एक लहरी आणि एक वेड पांघरणारा. ही केवळ नावे नव्हेत. गुलाबी भूत खेळणाऱ्याच्या चार घरे पुढची जागा हेरून तिकडे वळते; नारिंगी भूत लांबून अंगावर येते, पण आठ घरांच्या आत आले की माघार घेऊन आपल्या कोपऱ्याकडे पळते. थोड्याशा गणिताने चौघांना चार स्वभाव मिळाले. येथे आकृती नाममात्र, वाचा नाही, तरी स्वभाव आहे. मानवीकरणाच्या वाटेवर हा मोठा टप्पा आहे. पण शेवटचा नव्हे. गुलाबी भुताने गाठले म्हणून कोणी त्याला दोष देत नाही. विंचवालाही स्वभाव असतोच.

शेवटची पायरी मराठी घरांत लहानपणीच ओळखीची झालेली असते. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे. पाऊस आला, कावळ्याचे घर वाहून गेले, आणि तो भिजत चिमणीच्या दाराशी आला. चिमणी एकामागून एक सबबी सांगते आणि दार उघडावयास उशीर लावते. ही गोष्ट ऐकताना मूल अस्वस्थ होते ते कोणावर? पावसावर नव्हे. घर वाहून नेले पावसाने, पण राग येतो चिमणीचा. "तिने दार लवकर उघडायला हवे होते," असे मूल म्हणते. ज्याच्याविषयी 'असे करावयास हवे होते' किंवा 'असे करावयास नको होते' हे वाक्य उच्चारता येते, ते मानवीकृत पात्र. चिमणीला दोन पाय आहेत म्हणून नव्हे, ती बोलते म्हणूनही नव्हे, तर तिला जाब विचारता येतो म्हणून ती माणसासारखी.

कर्नाटकातील शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेलेले गाईचे गाणे याच कसोटीवर तेजाने उजळते. पुण्यकोटी नावाची गाय वाघाच्या तावडीत सापडते. वासराला शेवटचे पाजून परत येईन, असा शब्द देते. आणि तो शब्द पाळण्यासाठी खरोखरच परत येते. ते पाहून वाघाला आपल्या क्रौर्याची लाज वाटते आणि तो प्राण देतो. एकीने वचन पाळले आणि दुसऱ्याला पश्चात्ताप झाला. वचन आणि पश्चात्ताप ही दोन्ही ज्याला शक्य आहेत त्याला चार पाय असले तरी काय बिघडले? जुन्या करारातील बलामाच्या गाढवीची कथाही अशीच. वाटेत तलवार उपसून उभा असलेला देवदूत तिला दिसतो, धन्याला दिसत नाही. ती अडते आणि तीन वेळा मार खाते. अखेर तिला वाचा फुटते तेव्हा ती विचारते ते एवढेच, की तू मला का मारलेस? येथे तर पशूच माणसाला जाब विचारतो आहे. धारवाडात राहून मराठी कथेला निराळे वळण देणारे जी. ए. कुलकर्णी यांच्या 'बखर बिम्मची' या पुस्तकात लहानग्या बिम्मशी पशुपक्षी बोलतात आणि वाचकाला त्यात काही वावगे वाटत नाही, त्याचेही मर्म हेच असावे. त्या जगात प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेतले जाते.

ही कसोटी आता व्हिडिओ गेमला लावून पाहावी. २००१ साली जपानमध्ये निघालेल्या 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' या खेळमालिकेत टॉम नूक नावाचा एक दुकानदार आहे. तो तानुकी, म्हणजे कुत्र्याच्या कुळातील एक जपानी प्राणी. तो खेळणाऱ्याला घर देतो आणि डोक्यावर कर्ज ठेवतो. तो लोभी आहे, असे काही खेळणारे म्हणतात. कर्जाला व्याज नाही, मुदत नाही, मग लोभी कसा, असे दुसरे म्हणतात. ज्याच्या नीतीविषयी असा वाद होऊ शकतो तो निःसंशय मानवीकृत आहे. त्याचा पेहराव हा केवळ पुरावा, कारण नव्हे. २०१५ साली अमेरिकेतील टोबी फॉक्स यांनी निर्मिलेल्या 'अंडरटेल' या खेळाने तर याहून पुढचे पाऊल टाकले. जमिनीखालच्या राक्षसांच्या राज्यात एक मूल पडते. समोर येणाऱ्या प्रत्येकाशी लढता येते, तसेच त्याला सोडूनही देता येते. कोणालाही न मारता सारा खेळ पुरा करता येतो. शेळीसारख्या चेहऱ्याची तोरिएल त्या मुलाला आईच्या मायेने जपते. जो कोणी तिला मारील त्याला ते कृत्य विसरू दिले जात नाही. शेवटाकडे एक सांगाडा खेळणाऱ्यापुढे त्याच्या कृत्यांचा हिशेब मांडतो. येथे पात्र माणसासारखे आहे की नाही, याची परीक्षा होता होता खेळणाऱ्याचीच परीक्षा होऊन जाते.

देवतांचा प्रश्न वेगळा ठेवावा. २०२० साली पुण्यातील एका संस्थेने 'राजी' नावाचा खेळ जगापुढे आणला. त्यात राजी नावाच्या मुलीची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून सांगितली जाते. २००६ सालच्या 'ओकामी' या जपानी खेळात सूर्यदेवता अमातेरासू शुभ्र लांडग्याच्या रूपाने फिरते. यांना मानवीकृत पात्रे म्हणणे सयुक्तिक नाही. भक्ताच्या दृष्टीने गणपती हा माणसाचे देह घेतलेला हत्ती नव्हे आणि हनुमंत हा सभ्य झालेला वानर नव्हे. तेथे पशूला माणसाच्या पायरीवर चढविलेले नसते. जे पायऱ्यांच्या पलीकडचे, त्याने घेतलेले ते रूप असते. कन्नड क्रियापदाने हे केव्हाच ओळखले आहे.

श्रोतेहो, अशा वर्गीकरणाचा संसारात उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग दोन चुका टाळण्यापुरता तरी खचित आहे. पहिली चूक म्हणजे खऱ्या पशूला खेळातल्या पशूसारखे मानणे. पडद्यावरचा अस्वल-मित्र गळ्यात पडतो. रानातले अस्वल तसे करीत नाही, आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षा हा त्याच्यावर अन्याय आहे. दयेसाठी प्राण्याने माणूस व्हावे लागत नाही. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी एकनाथांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजले, अशी कथा आहे. ते गाढव बोलले नाही, त्याने वचन दिले नाही, काही मागितलेही नाही. ते गाढव होते आणि तहानलेले होते, एवढे पुरे झाले.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. ज्याला खरोखर जाब देता येतो, ज्याला भीती आहे, घर आहे, नाव आहे, त्याला सोंगटी समजणे ही ती चूक. आकृती माणसाची, पण आत कोणी नाही, अशा सैनिकांना रोज शेकड्यांनी पाडल्यामुळे मूल क्रूर होते, असा सरसकट निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मुलांना खेळ आणि जग यांतील भेद बहुधा चांगला कळतो. परंतु तो भेद कळतो, तो कोणी बोलून दाखविला म्हणजे पक्का होतो. काऊचिऊची गोष्ट आजी एकटी सांगत नसे. मूल मध्येच विचारी, चिमणीने दार का नाही उघडले, आणि आजी उत्तर देता देता शेजारधर्म शिकवी. आजच्या खेळात मूल पडद्यापुढे बहुधा एकटे असते. पात्र असते, प्रसंग असतो, जाबही असतो. तो विचारणारे आणि ऐकणारे माणूस तेवढे शेजारी नसते.

म्हणून घरातील वडील माणसांनी खेळाचे नाव, किंमत आणि वेळ विचारून थांबू नये. मुलाशेजारी घटकाभर बसावे आणि पडद्यावरच्या कोणत्याही एका पात्राकडे बोट दाखवून विचारावे, "याने असे का केले? करायला हवे होते का?" मुलाने "तो तसाच आहे" असे म्हटले, तर ते स्वभावापर्यंत पोहोचले. "त्याला काय, तो मारण्यासाठीच असतो" असे म्हटले, तर ती सोंगटी आहे, आणि सोंगटीला सोंगटी म्हणण्यात काही दोष नाही. परंतु मूल क्षणभर बोट थांबवून विचारात पडले आणि म्हणाले, "नको होते करायला," तर त्या काटेरी, निळ्या किंवा चौकोनी आकृतीत त्याला माणूस दिसला आहे, असे खुशाल समजावे. ज्याला तो तेथे दिसतो, त्याला रस्त्यावर, वर्गात आणि शेजारच्या दारातही तो दिसण्याची आशा धरता येते.